कात्री चालविण्यापूर्वीं

छायाचित्राची चौकट दोन वेळां ठरते. एकदां तें घेतांना, आणि दुसऱ्यांदा तें भिंतीवर, आल्बमांत किंवा छापील पानावर लावतांना. पहिल्या वेळेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. उजेड कोठून घ्यावा, कॅमेरा किती उंचीवर धरावा, हें आतां हौशी मंडळींस सांगावें लागत नाहीं. दुसरी वेळ मात्र बहुधा दुकानदाराच्या कात्रीवर, नाहींतर मोबाइलच्या पडद्यावर फिरणाऱ्या बोटाच्या लहरीवर सोपविली जाते. वास्तविक बऱ्याचशा चित्रांचें भलेंबुरें या दुसऱ्या वेळींच ठरतें. म्हणून छायाचित्राच्या कडा कोठें व किती कापाव्या, आणि कोठें कात्री खालीं ठेवावी, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणें मुद्दाम बीड जिल्ह्यांतील घेतलीं आहेत. बालाघाटच्या डोंगररांगेपासून गोदावरीच्या कांठापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यांत पाण्यानें वेढलेलें देऊळ आहे, खडकांत कोरलेले हत्ती आहेत, ज्योतिर्लिंगाच्या पायऱ्या आहेत, आणि दर वर्षीं सारा संसार गाडींत घालून परगांवीं निघणारीं माणसेंही आहेत. आमच्या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू येथें एकत्र सांपडतात.

१९४८ च्या सप्टेंबरांतील पोलीस कारवाईपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. त्या संस्थानचे नामांकित छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ (१८४४–१९०५). मूळचे मेरठजवळील सरधान्याचे, रुडकीस अभियांत्रिकी शिकलेले व पुढें इंदुरास नोकरी केलेले हे गृहस्थ सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरीं छायाचित्रकार झाले. त्यांच्या पिढीचे कॅमेरे मोठाल्या काचांचे असत. काचेवर उमटलेलें चित्र आणि कागद एकमेकांस भिडवून छाप घेण्याची तेव्हांची सर्वसाधारण रीत. म्हणून जेवढी काच तेवढेंच चित्र. पूर्ण प्लेट म्हणत ती ८.५ इंच लांब व ६.५ इंच रुंद असे. डोक्यावर काळें कापड घेऊन, घासलेल्या काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा पाहत छायाचित्रकार चारी कडा तेथेंच ठरवी. मागाहून कापावें तर चित्रच लहान होई. सबब सारा विचार आधीं करावा लागे.

पुढें लहान फिल्म आली. १९२५ सालीं बाजारांत आलेल्या लायका कॅमेऱ्याची चौकट अवघी ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद. इतकें इवलेंसें चित्र अंधारखोलींत मोठें केल्यावांचून पाहतांच येत नसे, आणि मोठें करतांना त्याचा कोणता भाग कागदावर पाडावयाचा हें ठरविण्याची मोकळीक सर्रास मिळूं लागली.

या मोकळिकीबरोबर एक सक्तीही आली. ही चौकट तीनास दोन या प्रमाणाची. नेहमींचा मोठा कागद १० इंच लांब व ८ इंच रुंद, म्हणजे पांचास चार. कागदाची ८ इंची रुंदी पुरी भरावयाची तर चित्राची लांबी १२ इंच होते, आणि त्यांतील २ इंच, म्हणजे सहावा हिस्सा, कागदाबाहेर जातो. मोबाइलचा कॅमेरा बहुधा चारास तीन या प्रमाणांत चित्र घेतो. त्याचाही कांहीं भाग असाच जातो, फक्त कमी. तात्पर्य, कापावें कीं न कापावें हा प्रश्न पुष्कळदां आपल्या हातीं उरतच नाहीं. आपण ठरविलें नाहीं तर यंत्र किंवा दुकानदार ठरवितो, आणि मध्य धरून दोन्ही कडा सारख्या उडवितो. लग्नाच्या समूहचित्रांत टोकास उभे असलेले मामा अर्धे होतात ते अशानें.

तेव्हां कडा कापावयाच्याच तर त्या समजून कापाव्या. त्यासाठीं कात्री उचलण्यापूर्वीं हें चित्र कशाचें आहे तें एका वाक्यांत सांगून पाहावें. बीड शहरांतील कंकालेश्वराचें देऊळ घ्या. चौकोनी कुंडाच्या मध्यभागीं, पाण्यानें वेढलेलें हें जुनें दगडी देवालय. कांठावरून घेतलेल्या चित्रांत वर मोकळें आकाश, मध्यें देऊळ, खालीं पाण्यांत पडलेलें त्याचें प्रतिबिंब, एका कडेस कांठावर बसलेलीं माणसें आणि दुसऱ्या कडेस विजेचा खांब, असें सर्व कांहीं आलें आहे अशी कल्पना करा. या एका चित्रांत तीन चित्रें दडलेलीं आहेत.

‘देऊळ पाण्यांत उभें आहे’ हें आपलें वाक्य असेल, तर खांब जावा, माणसेंही जावीं, आकाश बोटभर उरावें. प्रतिबिंब मात्र पुरें राहावें. अर्ध्यावर तोडलेलें प्रतिबिंब अर्धवट सोडलेल्या ओवीसारखें कानास, म्हणजे येथें डोळ्यास, खटकतें. ‘लोक संध्याकाळीं येथें विसाव्यास येतात’ हें वाक्य असेल, तर माणसें पुढें राहावीं आणि मागें देवळाचा एवढाच भाग असावा कीं जागा ओळखतां यावी. आणि ‘यंदां पाणी आटलें’ हें वाक्य असेल, तर दगडांवर राहिलेली पूर्वींच्या पाण्याची रेघ हीच चित्रांतील मुख्य गोष्ट होय. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यानें जें सोसलें, त्याची साक्ष कोणाच्या घरच्या चित्रांत अशा एका रेघेच्या रूपानें राहिली असेल, आणि सुबकपणासाठीं कोणी तीच खालची कड उडविली, तर चित्र देखणें होईल पण साक्ष बुडेल. वाक्य बदललें कीं कापावयाची जागा बदलते. म्हणून ‘हें चित्र कोठें कापावें?’ असें कोणी विचारल्यास, ‘आपल्यास काय सांगावयाचें आहे?’ असा उलट प्रश्न करणें प्राप्त आहे.

वाक्य ठरल्यावर साधनें सोपीं आहेत. जाड पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या, सुताराच्या गुण्यासारख्या, कापून घ्याव्या. त्या समोरासमोर ठेवल्या असतां हवी तेवढी लहानमोठी चौकट तयार होते. ती चित्रावर ठेवून चारी बाजूंनीं हळूहळू आंत सरकवावी, आणि प्रत्येक वेळीं विचारावें कीं, एवढें गेलें तर वाक्य अपुरें राहतें काय? राहत नसेल तर जाऊं द्यावें. जेथें कांहीं अडतें तेथें थांबावें व पट्ट्या पुन्हां किंचित् बाहेर ओढाव्या. कारण नवशिक्याचा कल अधिक कापण्याकडे असतो. मग चित्र उलटें, म्हणजे डोकें खालीं करून पाहावें. ओळखीचे चेहरे क्षणभर अनोळखी होतात आणि काळ्यापांढऱ्या भागांचा तोल कोणत्या बाजूस कलला आहे तें ध्यानांत येतें. मोबाइलवर हेंच काम बोटानें होतें, परंतु तेथें घाई फार होते. शक्य तर एक रात्र मध्यें जाऊं द्यावी.

कांहीं नियम अनुभवानें ठरले आहेत. चौकटीचे उभे-आडवे तीन तीन भाग कल्पून मुख्य वस्तु त्या रेषांच्या आसपास ठेवावी, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. मोबाइलच्या पडद्यावर ज्या रेषा आंखतां येतात त्या याच. नियम तसा जुना आहे. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानें १७९७ सालच्या आपल्या ग्रामीण देखाव्यांवरील पुस्तकांत त्याची चर्चा केली होती. तथापि कंकालेश्वराचें देऊळ आणि त्याचें प्रतिबिंब यांस सारखेंच महत्त्व द्यावयाचें असेल, तर पाण्याची रेषा मधोमध असणेंच योग्य. नियमास सोबती समजावें, सासरा समजूं नये.

माणसांच्या चित्रांत सांध्यावर कात्री लावूं नये. मनगट, कोपर, गुडघा, घोटा यांवर कापलें असतां तो अवयवच तुटल्यासारखा दिसतो. तेंच छातीशीं किंवा मांडीच्या मध्यावर कापलें तर डोळा उरलेलें शरीर मनानें पुरें करून घेतो. माणूस ज्या दिशेस पाहत असेल त्या बाजूस अधिक जागा सोडावी, नाहींतर तो भिंतीशीं नाक लावून उभा आहे असें वाटतें. चालत्या बैलगाडीच्या पुढेंही असाच रस्ता असावा.

आकाराचाही विचार हवा. परळी वैजनाथाच्या देवळाकडे चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्यांचें चित्र आडवें ठेवलें तर त्यांचा विस्तार दिसतो. उभें कापलें तर चढ जाणवतो आणि वर पोंचणाऱ्या म्हातारीचे श्रम कळतात. अंबाजोगाईच्या हत्तीखान्याच्या लेण्यांत खडकांतून कोरलेले हत्ती आहेत. त्यांच्याशेजारीं उभा राहिलेला यात्रेकरू ‘मध्येंच आला’ म्हणून कापला, तर हत्ती केवढा हें कळण्याचें साधनच नाहींसें होतें. दगडाचा हत्ती वीतभर आहे कीं पुरुषभर, हें माणसावांचून चित्र सांगूं शकत नाहीं. आणि त्याच गांवच्या दासोपंतांनीं कापडावर लिहिलेल्या पासोडीची लांबी सुमारें ४० फूट. ती सबंध एका चित्रांत घेतली तर एक अरुंद पट्टा दिसेल आणि अक्षर लागणार नाहीं. जवळून घेतली तर अक्षर लागेल पण अवाढव्यपणा जाईल. अशा वेळीं एकाच चित्राकडून दोन्ही कामें घेण्याचा हट्ट सोडून दोन चित्रें शेजारीं लावावीं, हा सरळ मार्ग.

किती कापावें यास हिशेबाचीही एक मर्यादा आहे. मोबाइलचें चित्र ४००० ठिपके लांब व ३००० ठिपके रुंद आहे असें धरूं. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केल्यास २००० व १५०० ठिपके उरतात, म्हणजे मूळचा केवळ चौथा हिस्सा. दर इंचास ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या मापानें त्याचें सुमारें ६.७ इंच लांब व ५ इंच रुंद चित्र होईल. टेबलावर ठेवावयास तें पुरे. दिवाणखान्यांतील मोठ्या चौकटीस मात्र पुरणार नाहीं.

कात्रीचें सामर्थ्य किती आहे हें जगांतील कांहीं प्रसिद्ध चित्रांवरून कळतें. अर्नोल्ड न्यूमन या अमेरिकन छायाचित्रकारानें १९४६ सालीं संगीतकार स्ट्राविन्स्की याचें चित्र घेतलें. मूळ फिल्मवर खोलीचा बराच भाग आहे. न्यूमननें तो निर्दयपणें छाटला, इतका कीं संगीतकार चौकटीच्या डाव्या कोपऱ्यांत बसला आणि बाकी सर्व जागा पियानोच्या उघड्या काळ्या झांकणानें व्यापिली. तें झांकण एखाद्या स्वरचिन्हासारखें दिसतें, आणि हें चित्र संगीताचें आहे हें सांगावें लागत नाहीं. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार चित्र कापण्याच्या अगदीं विरुद्ध होता. तरी पॅरिसच्या एका स्टेशनामागें पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचें त्याचें १९३२ चें विख्यात चित्र कापलेलेंच आहे, कारण फळ्यांच्या फटींतून तें घेतांना कडेस आडोसा आला होता.

तिसरें उदाहरण विचार करावयास लावणारें आहे. ५ मार्च १९६० रोजीं हवाना शहरांतील एका शोकसभेंत कोर्दा या क्यूबन छायाचित्रकारानें चे गेव्हारा याचें चित्र टिपलें. मूळ चित्र आडवें आहे. त्यांत एका बाजूस दुसऱ्या एका माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूस ताडासारख्या झाडाचीं पानें आहेत. दोन्ही कापून उरलेला एकटा चेहरा पुढें जगभर भिंतींवर आणि कपड्यांवर गेला. कापल्यानें चित्र बलवान् झालें यांत शंका नाहीं. पण झाड गेल्यानें जागा गेली, माणूस गेल्यानें प्रसंग गेला, आणि उरली ती एक मुद्रा, जिचा उपयोग कोणींही कशासाठींही करावा. चित्र जों जों कापावें तों तों तें एकच गोष्ट जोरानें बोलूं लागतें, आणि इतर गोष्टींविषयीं मुकें होतें. हा सौदा आहे. तो करतांना काय दिलें हें ठाऊक असावें.

बीड जिल्ह्यांत हा सौदा दर वर्षीं पाहावयास मिळतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवरा-बायकोच्या जोडीस त्या व्यवहारांत ‘एक कोयता’ म्हणतात, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागें ठरते. भांडीं, अंथरुणें, कोंबड्या, शेळी आणि वर मुलें, अशी भरलेली गाडी छायाचित्रकारास मोह घालते. आणि त्यानंतरचा मोह असा कीं, सर्व कापून एका मुलाचे डोळे तेवढे ठेवावे. तसें चित्र पाहणाऱ्याच्या काळजास भिडतें. परंतु तें मूल कोणाचें, कोठें निघालें, त्याची आई कोठें आहे, शाळेच्या दिवसांत तें गाडीवर कां आहे, यांतील कांहींच तें सांगत नाहीं. दया उत्पन्न होते, समज उत्पन्न होत नाहीं. आमच्या मतें येथें आईचा हात, गुंडाळलेलें अंथरूण आणि दोरीनें बांधलेला हंडा एवढें तरी चौकटींत राहावें. तीं माणसें कोणाच्या करुणेचा विषय होण्यापूर्वीं एक घर आहेत, आणि तें घर चित्रांत दिसलें पाहिजे.

आतां आपल्या घरच्या चित्रांकडे येऊं. जुन्या एकत्र कुटुंबांत छायाचित्र निघे तें मुंजीस, लग्नांत, नाहींतर कोणी विलायतेस निघाला म्हणजे. मधल्या खुर्चीवर आजोबा, दोहों बाजूंस त्यांचे बंधु, मागें मुलगे, पायांशीं सतरंजीवर नातवंडें. बायका कडेस किंवा मागील रांगेंत. आणि विधवा आत्या चित्रांत आलीच असली तर दाराच्या चौकटींत, अर्धी सावलींत. अशा कित्येक स्त्रियांचें एकटीचें छायाचित्र उभ्या जन्मांत निघालें नाहीं. त्या गेल्यावर श्राद्धाच्या दिवशीं पुढें ठेवावयास तसबीर हवी म्हणून हेंच समूहचित्र शोधून काढतात आणि त्यांतून तेवढा चेहरा कापून मोठा करवितात. मराठी घरांत कात्रीचा याहून गंभीर प्रसंग आम्हांस दिसत नाहीं.

त्या वेळीं दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली मापाची. वीस माणसांच्या चित्रांत एक चेहरा फार तर अर्ध्या इंचाचा असतो. तो पांच इंचांचा करूं गेल्यास दसपट वाढतो आणि डोळ्यांच्या जागीं धुकें उरतें. मूळ प्रत दर इंचास १२०० ठिपके या मापानें स्कॅन केली तर त्या अर्ध्या इंचांत ६०० ठिपके येतात, आणि चांगल्या छपाईंत चेहरा दोन इंचांचा होतो. तेव्हां तसबीर बेताची, पुस्तकाएवढी करावी आणि केवळ चेहऱ्याऐवजीं कमरेपर्यंतचा भाग घ्यावा. दुसरी गोष्ट हातांची. मांडीवर ठेवलेले आजीचे हात, तिच्या पदरास धरून बसलेलें मूल, शेजारच्या जावेचा तिला टेकलेला खांदा, हें सर्व ‘अधिक’ म्हणून काढून टाकण्याचा मोह होतो. तें राहूं द्यावें. कोरी पार्श्वभूमि लावून एकटी केलेली आजी कोणाचीही आजी वाटते. जावेचा खांदा राहिला तर ती आपल्या घरची राहते.

याच्या उलट प्रकारही घडतो. वांटणीच्या भांडणांत, मोडलेल्या सोयरिकींत, रागाच्या भरांत कोणास तरी चित्रांतून कापून काढतात. राग एका पिढीचा असतो, चित्र तीन पिढ्यांचें. शिवाय कात्रीनें माणूस पुरता जात नाहीं. आजोबांच्या खुर्चीच्या पाठीवर त्याचीं चार बोटें उरतात, आणि पुढें नातवंडें नेमकें त्याच बोटांविषयीं विचारतात. उत्तर देणारें कोणी उरलेलें नसतें. वाड्याच्या कोपऱ्यांत घागर घेऊन उभा राहिलेला गडी, त्याचेंही तसेंच. त्या वेळीं तो ‘चुकून आलेला’ असतो. पन्नास वर्षांनीं वाड्याची रीत, पाण्याची सोय आणि त्या माणसाचे कष्ट यांचा तोच एक पुरावा असतो. आज काय अधिक आहे हें आपण सांगूं शकतों. उद्यां काय अधिक ठरेल हें सांगण्याचा अधिकार आपल्याकडे नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें: कापावें अवश्य, मनापासून कापावें, पण प्रतीवर. मूळ चित्रास कात्री लागतां कामा नये. जुनी प्रत असेल तर ती आधीं सबंध, पुठ्ठ्याच्या कडेसह व मागच्या बाजूसह, स्कॅन करून ठेवावी. छायाचित्रकाराचा शिक्का आणि कोणीतरी लिहिलेली तारीख बहुधा तेथेंच असते. चिकट पानांच्या आल्बमांत ती डकवूं नये. मोबाइलवर कापलेलें चित्र नव्या नांवानें ठेवावें. कांहीं मोबाइलांत कापलेला भाग परत आणतां येतो, परंतु कापलेलेंच चित्र दुसऱ्यास पाठविलें तर त्याच्याकडे तो भाग कधींच पोंचत नाहीं.

आणि एक काम कात्रीच्याही आधींचें आहे. सुटींत किंवा सणास घरचीं सर्व मंडळी जमतील तेव्हां जुन्या चित्रांची पेटी खालीं काढावी, वडीलधाऱ्यांस मध्यें बसवावें आणि एकेका चेहऱ्याचें नांव विचारून घ्यावें. टोकास उभे असलेले कोण, दारांतली बाई कोण, घागरवाला कोठला, हें सर्व मऊ पेन्सिलीनें, दाब न देतां, प्रतीच्या मागें लिहावें. सर्व नांवें लिहून झाल्यावर मग काटकोनी पट्ट्या काढाव्या.